पाहुण्यांच्या खोलीतली पांढरी डबी: एसी कंट्रोलर वर्षभर वापरल्यावर

वरच्या दोन खोल्या आम्ही पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांना देतो. चादरी, चाव्या, गिझर हे सगळं दोनतीन महिन्यांत अंगवळणी पडलं. एसीचं काही पडेना. एकदा दुपारी वर गेले तर बाल्कनीचं दार सताड उघडं, एसी १६ वर, आणि पाहुणे सकाळीच बाहेर पडलेले. बाहेरची दमट हवा आत येऊन एसीच्या थंडगार पट्ट्यांवर पाणी धरलं होतं आणि ते टपटप गादीच्या कोपऱ्यावर पडत होतं. विजेचं बिल एक वेळ सोसलं असतं, ती गादी वाळायला दोन दिवस लागले.

त्यानंतर हा वायफाय कंट्रोलर घेतला. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, भिंतीला चिकटते. मोबाइलवरून सांगितलं की रिमोटसारखेच इन्फ्रारेड इशारे एसीकडे सोडते. हालचालीचा सेन्सर आणि दाराखिडकीचा सेन्सर वेगळे घ्यावे लागतात. माझे गुण आधीच सांगून टाकते: दाराच्या सेन्सरला पाचपैकी पाच, डबीला साडेतीन, हालचालीच्या सेन्सरला शून्य.

शून्याचं कारण आधी. पहिल्याच आठवड्यात रात्री सव्वादोनला वरून फोन. "काकू, सॉरी, पण एसी सारखा बंद पडतोय. आणि मी बाथरूमला उठलो की आपोआप चालू होतो." गाढ झोपलेला माणूस हलत नाही, म्हणजे सेन्सरच्या लेखी खोली रिकामी! बिचारा घामाघूम होऊन जागा व्हायचा, उठायचा, गार हवा आली की झोपायचा, की पुन्हा तेच. मी अंधारात चष्मा शोधून अ‍ॅपमधून तो नियम उडवला, सकाळी सेन्सरच काढून आणला. ऑफिसात चालत असेल, झोपायच्या खोलीत त्याचं काही काम नाही.

दाराचा सेन्सर मात्र साधासुधा आणि कामाचा. एक तुकडा चौकटीला, एक दाराला. त्यातल्या चुंबकावरून दार उघडं की बंद एवढंच त्याला कळतं. बाल्कनीचं दार तीन मिनिटांपेक्षा जास्त उघडं राहिलं तर एसी बंद, दार लावलं की पुन्हा चालू, असा नियम लावलाय. तीन मिनिटं विचार करून ठेवलीत. टॉवेल वाळत घालायला कोणी बाहेर गेलं की लगेच एसी बंद आणि आत आलं की लगेच चालू, असं झालं तर पाहुणाही चिडतो आणि कॉम्प्रेसरलाही ते चांगलं नाही. बंद झालेला कॉम्प्रेसर तीनेक मिनिटं तसाही थांबूनच परत सुरू होतो, बहुतेक एसींत ती सोय असते. तेवढ्यात पाहुणा रिमोट दहादा दाबून मोकळा झालेला असतो.

आता डबीबद्दल. जोडताना अर्धा दिवस गेला, कारण ती फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालते आणि माझा मोबाइल ५ वर होता. खोक्यावर ही गोष्ट अशा बारीक अक्षरात की भिंग लागावं. दुसरं, इन्फ्रारेड पडद्याआडून जात नाही. डबीला एसी समोर दिसला पाहिजे. तिसरं आणि खरं दुखणं: इशारा एकाच दिशेनं जातो. एसी उलट काही सांगत नाही. पाहुण्यानं मूळ रिमोट वापरला तर डबी तो इशारा टिपायचा प्रयत्न करते, पण दर वेळी जमत नाही. मग अ‍ॅप म्हणतं "बंद" आणि वर एसी घरघरतोय. इंटरनेट गेलं की वेळापत्रकही गेलं, हेही लक्षात ठेवा. अर्धा गुण त्यासाठी कापलाय.

मग साडेतीन तरी का दिले? हिवाळ्यामुळे. आमचा एसी गरम हवाही देतो आणि तेव्हाच ही डबी खरी कामाला आली. एसी खोलीचं तापमान मोजतो ते स्वतःपाशी, म्हणजे छताजवळ. गरम हवा वर जाऊन बसते, एसीला वाटतं २२ झाले, तो आराम करतो. खाली पलंगावर माणूस कुडकुडतोय. डबी मी उशाच्या उंचीवर, पलंगापासून हातभर लांब लावली. पहिल्याच रात्री तिच्यावर १८.५ दिसलं, एसीवर २२. आता एसी चालूबंद होतो तो डबीच्या आकड्यावर. "खोली गरम होत नाही" ही तक्रार त्यानंतर आलेली नाही.

पाहुणे यायच्या आधी खोली गरम करून ठेवायची तर अर्धा तास पुरत नाही. हवा लवकर तापते, भिंती आणि गादी नाही. थंड गादीवर बसलेल्या माणसाला आकडा दाखवून उपयोग नसतो. मी दोन तास आधी सुरू करते, ते मात्र अ‍ॅपवरून फार सोयीचं.

एक गोष्ट कुठलीच डबी सांगत नाही. कडक थंडीत बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो आणि तो वितळवायला एसी अधूनमधून गरम हवा थांबवतो. त्या वेळी बाहेरून भरपूर वाफ निघते. "काकू, बाहेरच्या मशीनमधून धूर येतोय!" म्हणून एका ताईंनी मला पहाटे चपला न घालता धावायला लावलं. आता रिमोटशेजारी चिठ्ठी आहे: "वाफ आहे, धूर नाही. थोड्या वेळात गरम हवा परत येते."

रिमोट काढून घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. मी महिनाभर काढून घेतला होता. त्या महिन्यात जेवढे फोन आले तेवढे आधीच्या वर्षात आले नव्हते. २३ वर मजेत झोपणारा माणूससुद्धा रिमोट दिसला नाही की अस्वस्थ होतो. आता रिमोट खोलीत आहे, आणि डबीत १९ ते २८ अशी मर्यादा घातलीय. त्या बाहेर कोणी गेलं तर डबी काही मिनिटांनी हळूच मागे आणते. अर्थात इशारा टिपला तर! सोबत पंखा चालू ठेवला तर २६ सुद्धा पुरतं, हेही चिठ्ठीत लिहिलंय. निम्मे लोक वाचतात.

आणि हे सगळं पाहुण्यांना आल्या आल्या सांगते, दाराच्या सेन्सरसकट. त्या अ‍ॅपमध्ये दार कधी उघडलं, कधी लागलं याची नोंद राहते. कोण कधी आलं-गेलं हे मला नको असताना कळतं. ती नोंद बंद करायची सोय कंपनीनं दिलेली नाही, आणखी एक गुण तिथे गेला.

दुसऱ्या खोलीसाठी दाराचे दोन सेन्सर मागवलेत. हालचालीचा कपाटात पडून आहे, कोणाच्या जिन्यातल्या दिव्याला हवा असेल तर सांगा.