मॅकवर कोड्यांचे गेम: इनसाइड, फेझ की ग्रिस?

मॅकबुक घेतलं की ऑफिसात कोणी ना कोणी ऐकवतंच, "त्यावर गेम चालत नाहीत." बंदुकांचे, फुटबॉलचे, गाड्यांच्या शर्यतींचे मोठे गेम घेतले तर हे बरंचसं खरं आहे. पण पझल प्लॅटफॉर्मर हा प्रकार मॅकवर छान नांदतो. एक छोटं पात्र असतं, चालत-उड्या मारत पुढे जायचं आणि वाट अडली की थांबून डोकं चालवायचं. हे गेम बहुतेक छोट्या स्वतंत्र स्टुडिओंनी बनवलेले असतात. त्यांना महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, एकदा डाउनलोड झाले की सतत इंटरनेट लागत नाही, आणि रोज हजेरी लावा म्हणून ते मागेही लागत नाहीत. बोरिवलीहून चर्चगेटला जाऊन-येऊन रात्री साडेनऊला घरी टेकणाऱ्या माणसाला जो अर्धा-पाऊण तास मिळतो, त्यात हे बसतात. विनापंख्याच्या मॅकबुक एअरलाही ते झेपतात.

प्रश्न निवडीचा आहे. मला सतत विचारलं जातं ते तीन गेमबद्दल: इनसाइड, फेझ आणि ग्रिस. तिन्ही सुंदर आहेत, पण तिघांना तीन वेगळ्या स्वभावाची माणसं लागतात. चुकीच्या माणसाच्या हाती पडला तर यातला प्रत्येक गेम अर्ध्यावर सुटतो, आणि मग "हा प्रकार आपल्यासाठी नाही" असं ठरवून माणूस मोकळा होतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

इनसाइड डेन्मार्कच्या प्लेडेडचा. 2016 मध्ये एक्सबॉक्स आणि विंडोजवर आला, मॅकवर यायला जून 2020 उजाडला. लाल शर्टातला एक मुलगा रात्रीच्या जंगलातून पळतोय, मागे माणसं आणि कुत्री लागली आहेत. का, कुठे, हे कोणी सांगत नाही. संवाद नाहीत, स्क्रीनवर सूचना नाहीत. चालणं, उडी मारणं आणि धरून ओढणं, एवढ्यावर तीन-चार तासांचा अख्खा गेम उभा आहे.

एक प्रसंग सांगतो, गेमच्या सुरुवातीच्या भागातलाच. एका इमारतीत माणसांची रांग यंत्रासारखी चालली आहे आणि पुढे जायचं तर तुम्हाला त्या रांगेत घुसावं लागतं. पहारा आजूबाजूला आहेच. रांग चार पावलं चालली की तुम्ही चार पावलं चालायचं, ती थांबली की थांबायचं, सगळे एकदम उडी मारतात तेव्हा उडी मारायची, वळतात तेव्हा वळायचं. चूक झाली की पकडलेच. कोडं म्हणून हे अगदी सोपं आहे, पण ते सोडवताना श्वास रोखला जातो, कारण आपण नेमकं काय करतोय हे हळूहळू ध्यानात यायला लागतं. इनसाइडची सगळी ताकद इथे आहे. त्यातलं कोडं कथेत अडथळा म्हणून येत नाही, कथा पुढे सरकते ती कोड्यातूनच.

आवाजाबद्दलही सांगायला हवं. संगीतकार मार्टिन स्टिग अँडरसनने यातले आवाज खऱ्या मानवी कवटीतून घुमवून रेकॉर्ड केले. पुढे एका भागात ठरावीक अंतराने प्रचंड हादरे येतात आणि त्या ठेक्यावर आडोसे बदलत पळावं लागतं. इथे ब्लूटूथ इअरफोनचा क्षणभराचा उशीरही नडतो. मॅकबुकला जॅक आहे, त्यात साधा वायरचा हेडफोन लावा. रात्री दिवे मालवून, एका किंवा दोन बैठकींत संपवायचा हा गेम आहे. आठवडाभर थोडा-थोडा खेळलात तर त्याची पकड सैल होते.

एक इशारा मात्र देतो. यात लहान मुलगा मरतो, आणि अनेकदा मरतो. कुत्री अंगावर येतात, तो पाण्यात बुडतो, हे सगळं दिसतं. घरात सात-आठ वर्षांचं मूल असेल तर ते झोपल्यावरच लावा. याच स्टुडिओचा आधीचा लिंबो बरेच जण सुचवतात. तो 2010 चा, काळा-पांढरा आणि कोड्यांच्या बाबतीत थोडा जास्त कठोर आहे. पण दोन्हीतला एकच घ्यायचा तर इनसाइड घ्या. लिंबोत सापळा कुठे आहे हे बऱ्याचदा मेल्यावरच कळतं, इनसाइड बहुतेक वेळा आधी दाखवतो आणि मग परीक्षा घेतो.

फेझकडे वळू, कारण माझ्या मते या तिघांतला सर्वांत खोल गेम तोच आहे. तो कॅनडाच्या पॉलिट्रॉनने बनवला, 2012 मध्ये एक्सबॉक्सवर आणि सप्टेंबर 2013 मध्ये मॅकवर आला. गोमेझ नावाचा एक पांढरा, गुबगुबीत जीव सपाट जगात राहतो. एक दिवस त्याला लाल गोंड्याची टोपी मिळते आणि कळतं की जगाला आणखी बाजू आहेत. त्यानंतर तुम्ही एक बटण दाबून अख्खं जग नव्वद अंशांत फिरवू शकता.

नुसतं वाचून हे पोचणार नाही, म्हणून एक दृश्य देतो. समोर दोन मनोरे आहेत, मधे रिकामं आकाश, उडी पोचणं शक्यच नाही. जग एकदा फिरवलंत की या बाजूने पाहताना दोन्ही मनोरे एकमेकांना चिकटलेले दिसतात. आणि फेझमध्ये चिकटलेले दिसतात म्हणजे चिकटलेले असतात. गोमेझ सरळ चालत पलीकडे जातो. पुन्हा फिरवा, मनोरे लांब गेले आणि तो दुसऱ्या मनोऱ्यावर उभा. वेल, शिड्या, पायऱ्या सगळ्यांना हाच नियम. पहिला तासभर तुम्ही एकेक बाजू तपासत हळू चालता, नंतर डोळ्यांनाच सवय होते आणि जग फिरवायच्या आधीच पलीकडची वाट दिसू लागते. हा बदल स्वतःमध्ये होताना अनुभवणं हा या गेमचा खरा आनंद आहे.

पडलात तर शिक्षा नाही, शेवटच्या पायरीवर परत उभे. शत्रूही नाहीत. एकूण 64 घन गोळा करायचे असतात, त्यातले 32 मिळाले की एका शेवटापर्यंत पोचता येतं. पण उरलेल्या 32 मध्ये फेझ आपले खरे दात दाखवतो. भिंतींवरची अक्षरं ही एक लिपी आहे आणि ती गेममधल्याच खुणांवरून उलगडायची असते. एक घड्याळ खऱ्या वेळेनुसार चालतं. काही ठिकाणी बटणं कोणत्या क्रमाने दाबायची हे चित्रांत दडलेलं आहे. वही आणि पेन्सिल जवळ ठेवा, आणि इंटरनेटवर उत्तरं शोधायचा मोह पहिले काही आठवडे तरी आवरा. ज्यांना रविवारच्या पेपरातलं शब्दकोडं सोमवारपर्यंत डोक्यात घोळवायला आवडतं, त्यांचा हा गेम आहे. ज्यांना "आता नक्की कुठे जायचं?" हा प्रश्न सहन होत नाही, त्यांनी घेऊ नये. यातला नकाशा पहिल्यांदा पाहिला की चक्रावायला होतं, आणि तो फारसं समजावूनही सांगत नाही.

ग्रिसवर कमी लिहिणार आहे, कारण तो पाहायचा जास्त आणि सोडवायचा कमी. बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओचा हा गेम डिसेंबर 2018 मध्ये आला आणि पहिल्या दिवसापासून मॅकवर होता. एका मुलीचं जग रंगहीन झालेलं असतं. लाल, हिरवा, निळा असे रंग एकेक करून परततात आणि प्रत्येक टप्प्यावर तिला नवी क्षमता मिळते. तिचा झगा दगडासारखा जड होतो आणि वादळातही ती जागची हलत नाही, हे दृश्य मला फार आवडतं. यात मरण नाहीच. कोडी हलकी आहेत, इतकी की मुरलेल्या खेळाडूला चार तासांत कुठेही अडल्यासारखं वाटणार नाही. पण ज्याने आयुष्यात कंट्रोलर धरलेला नाही अशा माणसासाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. मॅक टीव्हीला जोडा आणि आईच्या हातात द्या. दुःखातून सावरण्याची गोष्ट आहे, ती शब्दांशिवाय समजते.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा आहे. इनसाइड आणि ग्रिसमध्ये कथा कळायला इंग्रजीचं एक वाक्यही लागत नाही. फेझमध्ये थोडं इंग्रजी आहे, पण कोडी भाषेवर अवलंबून नाहीत. याउलट थॉमस वॉज अलोन हा 2012 चा गेम बघा. त्यात नुसते रंगीत आयत आहेत, आणि त्यांना जीव येतो तो डॅनी वॉलेसच्या निवेदनामुळे. त्या आवाजाला 2013 मध्ये बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. ब्रिटिश इंग्रजीतला विनोद कानाला रुचत असेल तर तो अवश्य घ्या, नाहीतर अर्धी मजा हातची जाईल.

आता यंत्राकडे येऊ, कारण मॅकच्या बाबतीत गेमपेक्षा त्याचं वय आधी बघावं लागतं. ऑक्टोबर 2019 मध्ये आलेल्या कॅटलिना या मॅकओएसच्या आवृत्तीपासून ॲपलने 32-बिट, म्हणजे जुन्या घडणीचे प्रोग्राम पूर्ण बंद केले. त्याआधीचे कितीतरी छोटे गेम एका रात्रीत मुके झाले. त्यामुळे जुना गेम घेताना स्टोअरच्या पानावर मॅकच्या आवश्यकता शेवटपर्यंत वाचा, सफरचंदाचं चिन्ह दिसलं म्हणून पैसे भरू नका. दुसरी गोष्ट, 2020 च्या शेवटी इंटेलच्या जागी ॲपलच्या स्वतःच्या एम चिप आल्या. इंटेल मॅकसाठी बनलेले गेम त्यांच्यावर रोझेटा नावाच्या दुभाष्यामार्फत चालतात. ॲपलने सांगितलंय की रोझेटा पूर्ण स्वरूपात मॅकओएस 27 पर्यंत राहील, त्यानंतर त्याचा एक भाग फक्त जुन्या गेमसाठी ठेवला जाईल. फेझ तर या तिघांत मॅकवर सर्वांत आधी आलेला, इंटेलच्या जमान्यातला आहे. म्हणून तुमचं मन फेझ आणि आणखी एखाद्यात अडकलं असेल तर फेझ आधी खेळून घ्या, दुसरा थांबेल.

कुठून घ्यायचा? मी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या बाजूने आहे, फक्त गेमची मॅक आवृत्ती तिथे आहे ना हे आधी बघा. किंमत रुपयांत, यूपीआय चालतं, उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये असे गेम चांगलेच स्वस्त होतात. गेम दोन्हीकडे उपलब्ध असेल तर एकाच खरेदीत तो विंडोज आणि मॅक दोन्हीवर मिळतो. सर्वांत मोठा फायदा परताव्याचा: घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. आपल्या मॅकवर तो नीट चालतो का, हे पहिल्या वीस मिनिटांतच बघा.

ॲप स्टोअर बरं पडतं ते घरात तीन-चार ॲपल उपकरणं असतील तर. फॅमिली शेअरिंगमध्ये सहा जणांपर्यंत खरेदी वाटता येते. मात्र त्या गेमची खरोखर तशी वाटणी होते का, हे त्याच्या पानावर लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. ॲपल आर्केड ही वर्गणी भरून गेम खेळायची सेवा भारतात 2019 मध्ये महिना 99 रुपयांना सुरू झाली. मुलांसाठी चांगली आहे, पण तिथले गेम काढूनही घेतले जातात आणि वर्गणी थांबली की सगळंच थांबतं. फेझसारखा महिनोन्महिने पुरणारा गेम मी कधीही विकतच घेईन.

राहिला कंट्रोलर. इनसाइड मॅकबुकच्या कीबोर्डवर आरामात होतो. फेझ आणि ग्रिससाठी मात्र हातात कंट्रोलर असावा, निदान फेझसाठी तरी, कारण जग फिरवणं बोटांच्या टोकांवर यायला हवं. कॅटलिनापासून मॅक एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन 4 चे कंट्रोलर ब्लूटूथवर ओळखतो. लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड एक्सबॉक्स कंट्रोलर बघत असाल तर मधल्या गोल बटणाभोवतीचं प्लास्टिक नीट पाहा. ते समोरच्या दर्शनी भागाशी सलग असेल तर त्यात ब्लूटूथ आहे. वरच्या खांद्याच्या बटणांशी सलग, वेगळी चकचकीत पट्टी असेल तर तो जुना आहे आणि त्यात ब्लूटूथ नाही, मॅकशी थेट जोडला जाणार नाही, दुकानदार काहीही म्हणो. दुकानातच आपल्या मॅकबुकला जोडून बघा आणि मगच पैसे द्या.