लेखकाची कागदपत्रं: घरी ठेवावीत, विकावीत की विद्यापीठाच्या संग्रहात द्यावीत?

घरातले ज्येष्ठ लेखक किंवा अभ्यासक गेले की त्यांच्या पुस्तकांचं काय करायचं, हे त्या मानाने लवकर ठरतं. घोडं अडतं ते कागदांपाशी. खर्डे, टाचणवह्या, पत्रांचे गठ्ठे, रोजनिश्या, भाषणांची टिपणं, पाकिटांच्या पाठीवर लिहिलेल्या ओळी. टाकवत नाहीत आणि ठेवायचे कुठे, तेही कळत नाही. अशा कागदांची सूची करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. ज्यांच्यासमोर हा प्रश्न आज उभा आहे, त्यांच्यासाठी सगळे पर्याय इथे शेजारीशेजारी मांडतो.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण घर आणि संग्रह या दोन्हींची बलस्थानं आणि उणिवा तिच्यात एकत्र दिसतात. १९६५ साली गणितज्ञ जी. एन. वॉटसन वारले. त्यांच्यावर मृत्युलेख लिहायचा होता म्हणून जे. एम. व्हिटेकर त्यांच्या घरी गेले. वॉटसनबाईंनी त्यांना अभ्यासिका दाखवली. जमिनीवर कागदांचा फूटभर जाडीचा थर पसरलेला होता आणि थोड्याच दिवसांत तो सगळा जाळला जाणार होता. व्हिटेकरांनी त्या ढिगात हात घातला आणि त्यातून श्रीनिवास रामानुजन यांच्या हस्ताक्षरातली पानं वर आली. रामानुजन १९२० साली गेले होते. मद्रास विद्यापीठाने १९२३ मध्ये त्यांचे कागद केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांच्याकडे पाठवले, आणि पुढे कधीतरी ही पानं वॉटसनकडे आली. ढिगातून वाचलेली ही पानं १९६८ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात पोचली. आता ती सुरक्षित होती, पण ती तिथे आहेत याचा गणिताच्या जगाला पत्ता नव्हता. १९७६ मध्ये गणितज्ञ जॉर्ज अँड्रूज हे वॉटसन यांचे कागद बघायला तिथे गेले आणि त्यांनी ते अक्षर ओळखलं. आज ‘हरवलेली वही’ म्हणून जगभर अभ्यासली जातात ती हीच पानं, सहाशेहून अधिक सूत्रांची.

घरात ती जळता जळता वाचली. ग्रंथालयात ती शाबूत राहिली, पण आठ वर्षं कुणाच्या लक्षात आली नाहीत. कुठलाही पर्याय तोलताना मी दोनच प्रश्न विचारतो: कागद एकत्र राहतील का? आणि ते तिथे आहेत हे बाहेरच्या माणसाला कळेल का?

घर आणि विद्यापीठ

घराच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. पत्रातली ‘ताई’ म्हणजे नेमकी कोण, कुठल्या वहीचं पुढे पुस्तक झालं, कुठल्या मित्राशी मध्येच अबोला धरला गेला, हे घरच्यांनाच ठाऊक असतं. कुणाला काय दाखवायचं तेही त्यांच्या हातात राहतं. शिवाय वडिलांची वही हातात घेऊन बसावंसं वाटणं, ही काही लहान गोष्ट नाही.

पण कागद या मायेवर टिकत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे फार मोठ्या काळात बराचसा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त असा बनला. तो स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडतो, ठिसूळ होतो, घडीवर तुटतो. वर्तमानपत्राचं कात्रण पत्राला लागून वीस वर्षं राहिलं, तर त्याच्या आकाराचा तपकिरी डाग पत्रावर उमटतो. टाचणी गंजते आणि स्वतःभोवतीचा कागद खाते. चिकटपट्टीचा गोंद शाईत उतरतो. माळ्यावर उष्णता, तळमजल्यावर ओल, आणि दोन्हीकडे कसर नि वाळवी. हे सगळं इतकं सावकाश होतं की घरात रोज वावरणाऱ्याला ते दिसतच नाही.

दुसरा धोका माणसांचा. पहिल्या पिढीला कागदांचं मोल कळतं, दुसरीला आदर असतो, तिसरीला जागा हवी असते. जर्मन भाषेत लिहिणाऱ्या फ्रांझ काफ्काचे कागद त्याचा मित्र माक्स ब्रॉड याने १९३९ मध्ये सुटकेसमध्ये घालून प्रागहून बाहेर नेले. १९६८ मध्ये ब्रॉड गेल्यावर त्याच्याकडे असलेले कागद त्याच्या सचिव एस्तेर होफे यांच्याकडे राहिले. ‘द ट्रायल’ या काफ्काच्या कादंबरीचं हस्तलिखित १९८८ मध्ये लिलावात गेलं आणि जर्मनीतल्या मारबाखच्या साहित्य अभिलेखागाराने ते विकत घेतलं. उरलेले कागद वर्षानुवर्षं घरात आणि बँकांच्या तिजोऱ्यांत बंद होते. ब्रॉडच्या मृत्युपत्रातल्या शब्दांचा अर्थ काय लावायचा, यावर होफे यांच्या मृत्यूनंतर खटला उभा राहिला. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निकाल दिला आणि कागद तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे गेले. ब्रॉडच्या मृत्यूनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी.

विद्यापीठाचा चांगला संग्रह काय करतो, ते जवळून बघण्यासारखं आहे. आलेली खोकी आधी वेगळी ठेवली जातात, म्हणजे त्यांच्यातली कीड किंवा बुरशी इतर कागदांना लागू नये. मग टाचण्या आणि रबरबँड निघतात, कात्रणं वेगळी होतात, कागद आम्लमुक्त फायलींत आणि खोक्यांत जातात. खोलीतलं तापमान आणि आर्द्रता शक्य तितकी स्थिर ठेवली जाते. पण माझ्या मते संग्रहाचं खरं कसब याच्या पुढचं आहे. लेखकाने कागद ज्या क्रमाने ठेवले होते, तो क्रम मोडायचा नाही आणि एका माणसाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत. यांतलं न मिसळण्याचं तत्त्व १८४१ च्या एका फ्रेंच परिपत्रकापासून या व्यवसायाचा पाया मानलं गेलं आहे.

बाहेरून बघताना हा हट्ट वाटेल. एका गठ्ठ्यात मला एक पत्र सापडलं. त्याच्यावर तारीख नव्हती, वर्ष नव्हतं, सहीच्या जागी फक्त एक अक्षर. पण त्याच्या वरचं पत्र मार्चचं होतं आणि खालचं मेचं, दोन्ही एकाच वर्षाचे टपालशिक्के असलेली. तिन्हींत एकाच आजारपणाचा उल्लेख होता. पत्र कधीचं, कुणाचं आणि का लिहिलं, हे त्याच्या शेजाऱ्यांनी सांगितलं. कुणीतरी ‘नीट लावायचं’ म्हणून माणसांच्या नावांप्रमाणे पत्रांचे ढीग केले असते, तर ते पत्र कायमचं मुकं झालं असतं.

म्हणून कुटुंबीयांना माझी पहिली विनवणी हीच असते की देण्याआधी कागद आवरू नका.

विद्यापीठाचा आणखी एक फायदा म्हणजे तिथे वाचणारे असतात. संशोधक येतात, विद्यार्थ्यांच्या हातात खर्डा पडतो, समकालीनांचे संग्रह शेजारच्या कपाटात असले तर एका पत्राचं उत्तर दुसऱ्या संग्रहात सापडतं.

उणिवाही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हव्यात. बहुतेक संग्रहांत माणसं कमी आणि खोकी जास्त असतात. सूची व्हायला वर्षं लागू शकतात, आणि ज्या खोक्याची सूची नाही ते संशोधकाच्या दृष्टीने नसल्यातच जमा. संस्था मोठी म्हणून संकट टळतं असंही नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये डोंगरावरचा वणवा केपटाउन विद्यापीठात शिरला आणि जॅगर ग्रंथालयातला आफ्रिका अभ्यासाचा अनमोल संग्रह मोठ्या प्रमाणात जळाला. चार्ल्स डार्विनच्या दोन टिपणवह्या केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातून नाहीशा झाल्याचं २००१ मध्ये लक्षात आलं. त्यांतल्या एकीत जीवसृष्टीच्या वृक्षाचं ते प्रसिद्ध रेखाटन आहे. २०२० मध्ये त्या चोरीला गेल्याचं जाहीर झालं आणि २०२२ च्या मार्चमध्ये कुणीतरी त्या गुलाबी पिशवीत घालून ग्रंथालयात ठेवून गेलं. तरीही मी विद्यापीठाकडेच झुकतो. वही हरवली हे तिथे निदान कळलं, कारण तिची नोंद होती. घरातली वही गेली, तर ती होती हेच कुणाला कळत नाही.

विक्री

पैशांची गरज असेल तर विकण्यात काही गैर नाही. मोठी विद्यापीठं विकतही घेतात: कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचे कागद ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठातल्या हॅरी रॅन्सम सेंटरने २०१४ मध्ये २२ लाख डॉलर देऊन घेतले, आणि पुढे त्यांतली हजारो पानं सर्वांना बघता येतील अशी ऑनलाइन ठेवली. अख्खा संग्रह एका संस्थेला विकणं आणि तुकड्यातुकड्याने लिलावात काढणं यांत मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे.

न्यूटनचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याचे वैज्ञानिक कागद १८७२ नंतर केंब्रिज विद्यापीठाकडे आले. किमया (हलक्या धातूचं सोनं करण्याची विद्या) आणि धर्मशास्त्र यांवरचे कागद घराण्याकडेच राहिले आणि १९३६ मध्ये सदबीच्या लिलावात ३२९ गठ्ठे करून विकले गेले. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी त्यांतले मिळतील तेवढे मागे फिरून गोळा केले, आणि ते आज केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात आहेत. अब्राहम याहुदा यांनी जमवलेले धर्मशास्त्राचे कागद जेरुसलेमला आहेत. एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी चाललेला विचार पुन्हा एका पडद्यावर आणायला अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या.

इतर संस्था आणि स्कॅन

राष्ट्रीय ग्रंथालय, साहित्यसंस्था किंवा एखाद्या विषयाला वाहिलेला संग्रह हाही चांगला मार्ग आहे, विशेषतः लेखकाचं काम त्या भाषेशी किंवा विषयाशी घट्ट बांधलेलं असेल तर. संस्था छोटी असेल तर एकच बघा: आज ती चालवणारी माणसं उद्या नसली, तर कागद कुणाकडे जातील, हे तिने लेखी ठरवलं आहे का.

‘स्कॅन करून ठेवलं, आता मूळ प्रती नसल्या तरी चालतील’, हे मात्र मला अजिबात पटत नाही. रवींद्रनाथ टागोर ओळ खोडताना त्या खोडाखोडीला आकार देत जायचे, आणि त्यातून पुढे चित्रं झाली. शाई कुठे दाबली गेली, कुठली ओळ नंतर वेगळ्या पेनाने आली, पान मागून कसं दिसतं, हे मूळ पानच सांगतं. स्कॅनचा उपयोग दूरच्या वाचकासाठी, आणि मूळ पानाला कमी हात लागावेत यासाठी.

जे लेखन जन्मतःच संगणकावर आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याचा छापील कागद ही मूळ प्रत नव्हेच. सलमान रश्दी यांचे कागद घेताना अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाने त्यांचे जुने संगणकही घेतले, आणि २०१० मध्ये अभ्यासकांना त्यांतला एक संगणक रश्दींना पडद्यावर दिसायचा तसाच वापरता येईल अशी सोय केली. तेव्हा जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका, आणि ईमेलचा पासवर्ड कुणाला माहीत आहे ते आजच विचारून ठेवा.

द्यायचं ठरलं तर

तोंडी बोलण्यावर एकही खोकं हलवू नका. दानपत्र करा आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट येऊ द्या. एक, कागदांची मालकी आणि त्यांतल्या मजकुराचा कॉपीराइट या वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट कुटुंबाकडे राहणार की संस्थेला देणार, ते लिहा. (दुसऱ्यांनी लिहून पाठवलेल्या पत्रांचा कॉपीराइट ती लिहिणाऱ्यांचा किंवा त्यांच्या वारसांचा असतो. तो तुम्हाला देता येत नाही.) दोन, कुठला भाग किती वर्षं बंद राहील. हयात माणसांची खासगी पत्रं असतील तर बंद मुदत घाला, पण तिला शेवट असू द्या, ‘कायमचं बंद’ लिहू नका. तीन, संस्थेला नको असलेला भाग ती तुम्हाला परत करेल की नष्ट करेल. चार, निदान खोकंनिहाय ढोबळ यादी कधीपर्यंत होईल. या चौथ्या कलमावर अडून बसा. संस्था म्हणेल, माणसं नाहीत. मग यादीचा पहिला खर्डा करायला तुम्ही मदत देऊ करा. बऱ्याच ठिकाणी ते आनंदाने घेतलं जातं.

आणि लेखक हयात असतील, तर बोलणी आत्ताच सुरू करा. एखाद्या निवांत दुपारी त्यांच्याजवळ बसा, फोटोंचा गठ्ठा काढा आणि ओळीत उभे असलेले कोण कोण, ते विचारा. नावं मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने फोटोच्या मागे कडेला लिहा. पेन वापरू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते.