डोक्यावर बसणारा, वाऱ्यावर सोडणारा की पाठीशी उभा राहणारा? पहिल्यांदा टीम हाती घेताना

पहिल्यांदा टीम हाती आली की बहुतेक जण आपल्या जुन्या साहेबाचाच कित्ता गिरवतात. तो कडक होता म्हणून आपणही कडक. किंवा त्याचा जाच एवढा झालेला असतो की थेट दुसरं टोक गाठतात: कुणाला काही विचारायचंच नाही, ज्याने त्याने आपापलं बघावं. विचार करून निवड अशी कुणी केलेलीच नसते. ती करता यावी म्हणून तिन्ही रीती इथे शेजारी शेजारी मांडतो. माझा कौल आधीच सांगून टाकतो: बहुतेक कामांत पाठीशी उभा राहणारा साहेबच सरस ठरतो. पण ही रीत वाटते तितकी मवाळ नाही, तिला वेळ फार लागतो, आणि काही प्रसंगी डोक्यावर बसावंच लागतं.

साहेब बदलल्याने एवढा काय फरक पडतो, असं वाटत असेल तर एक मोजमाप बघा. एडवर्ड लेझीर, कॅथरीन शॉ आणि ख्रिस्तोफर स्टँटन या अर्थशास्त्रज्ञांनी एका मोठ्या सेवा कंपनीतल्या 23 हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या आणि जवळपास दोन हजार साहेबांच्या 2006 ते 2010 या काळातल्या नोंदी तपासल्या. तळाच्या 10 टक्क्यांतला साहेब काढून वरच्या 10 टक्क्यांतला आणला, तर नऊ जणांच्या टीममध्ये दहावा माणूस घेतल्याइतकं काम वाढतं, असं त्यांना आढळलं. एका माणसाचा अख्खा पगार वाचतो, फक्त वरचा माणूस बरा असल्यामुळे.

डोक्यावर बसणारा साहेब काय करायचं ते सांगतो, कसं करायचं तेही सांगतो, आणि दर तासाला कुठवर आलं ते विचारतो. वाऱ्यावर सोडणारा यातलं काहीच करत नाही. पाठीशी उभा राहणारा काय हवं आणि कधी हवं हे स्वच्छ सांगतो, कसं करायचं ते करणाऱ्यावर सोपवतो, आणि अडलं की हाकेला असतो.

साहेब खोलीबाहेर गेला की

या तीन रीतींची तुलना फार जुनी आहे. कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी 1939 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा वर्षांच्या मुलांचे छोटे छंदगट केले होते. गटासोबतचा मोठा माणूस कधी हुकूम सोडणारा, कधी मुलांशी ठरवून काम करणारा, तर कधी नुसता बसून राहणारा. हुकूम सोडणाऱ्याच्या हाताखाली काम भरपूर झालं, पण तो खोलीबाहेर गेला की हात थांबायचे. काही गटांत मुलं एखाद्यालाच धरून त्याच्यावर राग काढू लागली, काही गटांत ती नुसती मुकी झाली. जिथे ठरवून काम चाललं होतं तिथे मोठा माणूस उठून गेल्यावरही काम जवळपास तसंच चालू राहिलं. नुसता बसून राहणाऱ्याच्या गटात सगळ्यात कमी काम झालं, आणि जे झालं तेही सुमार.

मुलांवरचा, मोजक्या गटांवरचा प्रयोग आहे, त्यावरून ऑफिसबद्दल सगळंच ठरवता येणार नाही. पण त्यातली खोलीबाहेर जाण्याची कसोटी मला अजूनही सगळ्यात खरी वाटते. डोक्यावर बसणारा साहेब रजेवर गेला की त्या दिवशी टीम पाट्या टाकते. माणसं कामचुकार असतात म्हणून असं होत नाही. काम करायचं कारण म्हणजे साहेबाची नजर, एवढंच ती शिकलेली असतात. नजर हटली की कारणही संपतं. मग असा साहेब रजा घ्यायलाच घाबरतो, सुट्टीच्या दिवशीही फोनवर असतो, आणि माझ्यावाचून इथलं पान हलत नाही असं अभिमानाने सांगतो. ती तक्रार असायला हवी.

चूक झाली तेव्हा

खरा फरक इथे दिसतो, म्हणून एक प्रसंग जरा जवळून बघू. शुक्रवारची संध्याकाळ. ग्राहकाला अहवाल पाठवून अर्धा तास झाला आहे, आणि पाठवणाऱ्या मुलीच्या लक्षात येतं की तिसऱ्या तक्त्यात मागच्या महिन्याचेच आकडे राहून गेलेत.

साहेब डोक्यावर बसणारा असेल, तर तिच्या मनात पहिला प्रश्न येतो: हे आणखी कुणी पाहिलंय का? ती फाइल मिटते. कदाचित ग्राहक तिसरा तक्ता वाचणारच नाही. सोमवारी ग्राहकाचा फोन येतो, खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं यात सकाळ जाते, आणि दुपारपर्यंत नवा नियम निघतो: यापुढे प्रत्येक मेल आधी मला दाखवायचा.

वाऱ्यावर सोडणाऱ्या साहेबाला ती मेसेज करते. उत्तर येत नाही. आपल्या अधिकारात बसतं की नाही हे माहीत नसतानाच ती दुरुस्त फाइल पाठवते आणि शनिवार-रविवार धास्तीत काढते.

तिसऱ्या साहेबाला ती फोन करते. तो म्हणतो, "बरं झालं लगेच सांगितलंस. ग्राहकाशी मी बोलतो, तू दुरुस्त फाइल पाठव. कसं झालं ते सोमवारी बघू." सोमवारी दोघं खरंच बसतात. तक्ता जुन्या शीटमधूनच आकडे ओढतो असं निघतं, तो दुरुस्त होतो, आणि ही चूक पुन्हा कुणाच्याच हातून होत नाही. ते सोमवारचं बसणं या रीतीचा कणा आहे. शुक्रवारी धीर द्यायचा आणि सोमवारी विसरून जायचं, असा साहेब गोड बोलणारा असला तरी वाऱ्यावर सोडणाऱ्यांतलाच.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या टीममध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगलं नेतृत्व असलेल्या टीममध्येच चुकांच्या नोंदी जास्त होत्या. शोध घेतल्यावर उलगडा झाला: तिथली माणसं चुका उघड बोलून दाखवत होती, बाकीच्या ठिकाणी त्या दाबल्या जात होत्या. टीममध्ये मान खाली न घालता बोलता येण्याच्या या मोकळेपणावर त्यांनी 1999 साली सविस्तर मांडणी केली. पुढे गूगलने आपल्या टीम कशामुळे चांगल्या चालतात हे तपासलं, तेव्हा सगळ्यात महत्त्वाची म्हणून हीच गोष्ट पुढे आली. तेव्हा तुमच्या टीममध्ये चुका कानावरच येत नसतील, तर खूश होण्याआधी जरा चौकशी करा.

कडकपणा राहतो, पण कुणाच्या हातात?

मोकळीक दिली की शिस्त जाते, ही सगळ्यात मोठी भीती. तिच्यावर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथल्या मोटार कारखान्याचं उदाहरण मला सगळ्यात पटतं. जनरल मोटर्सचा हा कारखाना संप, भांडणं आणि गैरहजेरीसाठी बदनाम होता; गैरहजेरी 20 टक्क्यांच्या घरात जायची. 1982 साली तो बंद पडला. 1984 साली टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तो पुन्हा सुरू केला. कामगार बहुतांशी तेच, युनियनही तीच. बदलली ती चालवण्याची रीत. थोड्याच काळात गैरहजेरी अगदी थोडी उरली आणि गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्यांच्या जवळ गेला.

तिथे ढिलाई आली होती असं मुळीच नाही. कोणता हात कधी कुठे जाईल, इतकं बारीक काम आखलेलं असायचं. पण आधी आखणी करायला बाहेरून इंजिनिअर स्टॉपवॉच घेऊन यायचे; आता ते स्टॉपवॉच कामगारांच्याच हातात दिलं. कामाची उत्तम रीत तेच मोजून ठरवायचे आणि तेच सुधारायचे. काही बिघडलं तर दोरी ओढून मदत मागायचा, वेळ पडली तर अख्खी लाइन थांबवायचा अधिकार साध्या कामगाराला होता, आणि त्याबद्दल कुणी त्याच्यावर डाफरत नसे. 1988 च्या सुमारास मागणी घटली, तेव्हा माणसं काढण्याऐवजी त्यांना प्रशिक्षणाला आणि दुरुस्तीच्या कामांना लावलं. कठीण काळात पाठीशी उभं राहणं म्हणतात ते हेच. बाकीच्या वेळी नुसतं बोलणं सोपं असतं.

मोकळीक म्हणजे बेवारस सोडणं नव्हे

दुसऱ्या रीतीबद्दल थोडक्यात, कारण तिच्या बाजूने सांगण्यासारखं फार नाही. गूगलने 2002 साली इंजिनिअरांवरचे मॅनेजर काढूनच टाकून पाहिले. काही महिन्यांतच माणसं खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या कुरबुरींपर्यंत सगळं घेऊन थेट कंपनीचे सहसंस्थापक लॅरी पेज यांच्याकडे येऊ लागली, आणि प्रयोग गुंडाळावा लागला. त्याच कंपनीने 2008 पासून चांगला मॅनेजर काय करतो याचा अभ्यास केला. यादीत सर्वांत वर होतं माणसांना घडवणं, आणि त्याखालोखाल, टीमला अधिकार देणं आणि बारीकसारीक गोष्टींत नाक न खुपसणं. मुरलेली, एकमेकांना ओळखणारी माणसं साहेबाविना काही काळ छान चालतात, हे खरं. पण दोघांत वाद झाला, कामाचा क्रम ठरवायचा झाला किंवा पगारवाढीचा विषय निघाला, की कुणीतरी निर्णय घेणारं लागतंच.

माणसं खूश असली की काम वाढतं का?

वाढतं. ब्रिटिश टेलिकॉमच्या कॉल सेंटरमधल्या विक्री कर्मचाऱ्यांना सहा महिने दर आठवड्याला मनःस्थिती विचारली गेली. ज्या आठवड्यांत माणसं खूश होती, त्या आठवड्यांत ती सुमारे 13 टक्के जास्त काम करत होती. जास्त तास थांबून नव्हे, तर तेवढ्याच वेळात जास्त फोन विक्रीत बदलून. उलट बाजू ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासात दिसते: ज्यांना आपल्या कामावर स्वतःचा ताबा फारसा नव्हता, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. त्यामुळे हाताखालच्या माणसाला आपल्या कामाबद्दल चार निर्णय स्वतः घेऊ देणं ही त्याच्यावर केलेली मेहरबानी समजू नये. त्याच्या तब्येतीचा प्रश्न आहे तो. खुशीसाठी पार्ट्या आणि बक्षिसांवर खर्च करणाऱ्यांनीही आधी इकडे बघावं.

मग डोक्यावर कधी बसायचं?

आग लागली असेल, सर्व्हर बंद पडला असेल, जिवाचा धोका असेल, तेव्हा चर्चा नको. एकाने सांगावं, बाकीच्यांनी करावं. माणूस अगदी नवखा असेल तर त्यालाही सुरुवातीला पायरी पायरी सांगणारं, रोज काम तपासणारं कुणी हवं असतं. नवख्याला मोकळीक दिली तर त्याला ती टाकून दिल्यासारखी वाटते. फक्त ही देखरेख कधी संपणार हे त्याला पहिल्या दिवशीच सांगा, नाहीतर ती कायमची होऊन बसते.

हो म्हणण्याआधी

तिसरी रीत निवडणार असाल तर तिची किंमत वेळेत मोजावी लागते. प्रत्येकाशी आठवड्यातून अर्धा तास एकट्याने बोलायचं म्हटलं, तर आठ जणांसाठी चार तास गेले. वीस जणांसाठी दहा. त्यातच स्वतःचं जुनं कामही पूर्ण करायचं असेल तर बोलणं आधी लांबणीवर पडतं आणि मग बंदच होतं. गॅलप या पाहणी संस्थेच्या जागतिक पाहणीत 2024 साली कामात मनापासून गुंतलेल्या मॅनेजरांचं प्रमाण 30 वरून 27 टक्क्यांवर आलं. ज्यांनी इतरांना सांभाळायचं तेच थकत चाललेत.

म्हणून बढती स्वीकारताना वरिष्ठांना तीन गोष्टी विचारा. माणसं किती असतील? माझं आताचं किती काम दुसऱ्याकडे जाईल? रजा, अप्रेझल आणि कामाची वाटणी यांत शेवटचा शब्द माझा असेल का? दहापेक्षा जास्त माणसं, जुनं काम तसंच, आणि शेवटचा शब्द वरच्यांचा, अशी उत्तरं आली तर निदान एक तरी अट बदलून घ्या. काहीच बदलायला तयार नसतील, तर ती बढती सध्या नाकारलेली बरी. त्या जागी बसून तुम्ही कितीही ठरवलंत तरी सहा महिन्यांत डोक्यावर बसाल किंवा वाऱ्यावर सोडाल.