ब्लू-कट चष्मा की डोळ्यांत घालायचे थेंब?

चष्म्याच्या दुकानात गेलं की ‘कॉम्प्युटरवर काम करता ना? मग ब्लू-कट, म्हणजे निळा प्रकाश गाळणाऱ्या काचाच घ्या’ हे ऐकावं लागतंच. पण २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी डोळ्यांचा थकवा निदान थोड्या काळात तरी कमी होतो असं दिसलं नाही. घेतलात तर अपाय नाही, खिशाला मात्र चाट.

थेंबांची बाजू मला जास्त पटते. स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या कमी लवतात, अश्रूंचा थर सुकतो. मग चुरचुर होते आणि उजेडही खुपतो. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे थेंब, म्हणजे कृत्रिम अश्रू, नेमका तोच थर भरून काढतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत. लाली घालवणारे थेंब वेगळे, ते रोज नकोत. पण थेंबही तात्पुरतेच. दर २० मिनिटांनी २० सेकंद वीसेक फुटांवर बघणं फुकट आहे, आणि तेच कुणी करत नाही.

चष्म्याचा नंबर बदलला असेल तर दोन्ही पर्याय बाजूला ठेवा, आधी डोळे तपासा. उजेड अजिबात सोसत नसेल, डोळा दुखत असेल, तर लगेच.