कुत्र्याच्या कानाच्या टाक्यांसाठी कोन (गळ्यात घालायची शंकूसारखी कॉलर): पावसाळाभर वापरून झाल्यावर

रेटिंग: प्लास्टिकचा कोन ३.५/५, कापडी कोन २/५, फुगवायची कॉलर ०.

शून्याचं कारण आधी. कानावर टाके असतील तर ती डोनटसारखी फुगवायची कॉलर घेऊच नका. ती तोंडाला अंगापर्यंत पोचू देत नाही, एवढंच तिचं काम. कान खाजवतो तो मागचा पाय, आणि त्याला ही कॉलर अजिबात अडवत नाही. नसबंदीच्या टाक्यांना ठीक आहे. दुकानात मात्र 'ऑपरेशननंतर वापरा' एवढं सांगून साध्या कोनापेक्षा महाग विकतात.

हा अनुभव कानाच्या पाळीत रक्त साठून ती पुरीसारखी फुगते, त्या ऑपरेशनचा. डॉबरमनचे कान दिसण्यासाठी कापून आणणाऱ्यांसाठी नाही. ब्रिटनमध्ये ते बेकायदा आहे, अमेरिकेतली पशुवैद्यकांची संघटनाही त्याच्या विरोधात आहे, आणि जखम सांभाळायची कटकट वर फुकट.

कापडी कोनाला पहिल्या आठवड्यात पैकीच्या पैकी दिले असते. कुत्रा त्यात छान झोपतो, दारं-टेबलं आपटत नाही. पण भिंतीला डोकं घासलं की तो मागे दुमडतो आणि कान उघडा पडतो. पाणी पिताना काठ भिजतो, पावसाळ्यात वाळत नाही, दोन दिवसांत कुबट वास. वेल्क्रोत केस अडकून त्याची पकड जाते. उवांच्या फणीने केस काढले की काही दिवस तग धरतो, म्हणून दोन गुण.

म्हणजे शेवटी जुना पारदर्शक प्लास्टिकचाच. गळ्याचं माप सगळे घेतात, लांबीचं कोणी घेत नाही. गळपट्ट्यापासून नाकाच्या टोकापर्यंत मोजा आणि वर ४-५ सेंमी धरा. गळ्याशी दोन बोटं सहज जायला हवीत.

आता काठ. कंपनी एवढा मोठा पत्रा कापते आणि काठ तसाच धारदार सोडते! गळ्याकडचा काठ कातडी सोलतो. बाहेरचा काठ तर त्याहून वाईट: कुत्रा डोकं झटकतो, लोंबता कान त्यावर आपटतो, टोक फुटतं आणि भिंतभर रक्ताचे शिंतोडे. उपाय दहा-वीस रुपयांचा आहे. पातळ प्लास्टिकची नळी लांबीत चिरून दोन्ही काठांवर चढवायची आणि वरून कापडी चिकटपट्टी. हे कारखान्यात केलं असतं तर पाच गुण दिले असते.

कोन पाय अडवतो, झटकणं नाही. म्हणून डॉक्टर बरेचदा कान डोक्यावर उलटा ठेवून बांधतात. घरी पट्टी बदलायला सांगितली असेल तर कानाखाली आणि चिरेवर गॉज ठेवा, ३ इंची क्रेप बँडेजचे वेढे दुसऱ्या कानाच्या एकदा पुढून, एकदा मागून घ्या. तो कान बाहेर मोकळा राहतो आणि पट्टी सरकत नाही. हनुवटीखाली दोन बोटं जात नसतील किंवा श्वासाला घरघर लागली तर लगेच सोडा. पट्टीवर मार्करने आतल्या कानाची आकृती काढून ठेवा. पट्टी कापताना कात्रीखाली कानाचं टोक गेल्याची उदाहरणं आहेत.

चीर मुद्दाम थोडी उघडी ठेवलेली असते. काही दिवस गुलाबी पाणी गळणं ठीक. पू, घाण वास किंवा पाळी परत फुगणं म्हणजे दवाखाना. टाके साधारण दोन ते तीन आठवडे राहतात. पावसाळ्यात माशा बसून अळ्या पडतात, म्हणून रोज दोनदा टॉर्च लावून बघा. पेरॉक्साइड, स्पिरिट, हळद काही नको. आपली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉलही नको, कुत्र्याला विषारी ठरू शकते.

आणि झटकणं मुळात सुरू होतं ते बहुतेक वेळा कानातल्या बुरशीने, जंतूंनी किंवा गोचिडीने. ते बरं न करता नुसते टाके घातले तर गाठ पुन्हा येते. पडदा शाबूत असल्याचं डॉक्टरांनी बघितल्यावरच कान धुण्याचं औषध ओता, कानाचं मूळ अर्धा मिनिट चोळा, त्याला झटकू द्या (टाके निघाल्यावरच), कापसाने पुसा. इअरबड नको, मळ आत ढकलला जातो. कानात घालायचे औषधाचे थेंब १० मिनिटांनी.

ताजी माहिती: कोनाला बटणांच्या भोकांपाशी चिरा गेल्यात. दोन बाजूंनी चिकटपट्टी लावून चालू आहे. नवा घेणार नाही.