ग्लू-फिब: कोलिजन सेल तपासायला एक नंबर, पण तेवढ्यापुरतंच

टँडम मास स्पेक्ट्रोमीटर (आयन तोलून, तोडून त्यांचे तुकडेही तोलणारं यंत्र) असेल, तर त्याच्या कोलिजन सेलमध्ये, म्हणजे आयनांची गॅसशी टक्कर घडवणाऱ्या कप्प्यात, पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) नीट तुटतंय का, हे पाहायला ग्लू-फिबसारखं (ग्लू-फायब्रिनोपेप्टाइड बी) सोयीचं स्टँडर्ड नाही. चौदा अमिनो आम्लं, शेवटी आर्जिनिन, दोन चार्जचा आयन ७८५.८४ वर (वस्तुमान भागिले चार्ज; पुढचे पीकचे आकडेही असेच).

०.१ मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये ६३७ मायक्रोलिटर ५० टक्के ॲसिटोनायट्राइल (०.१ टक्के फॉर्मिक आम्लासह) घातलं की साधारण १०० पिकोमोल प्रति मायक्रोलिटरचा स्टॉक होतो. वापरताना हजारपट पातळ करा, उरलेला छोटे भाग करून उणे २० अंशांवर. काचेत ठेवू नका, सोडियम उतरतं आणि ७९६.८३ वर जास्तीचं पीक येतं. ७७६.८४ चं पीक सोर्सचं (जिथे आयन तयार होतात तिथलं) व्होल्टेज उतरवूनही हटलं नाही, तर टोकाच्या ग्लुटामिक आम्लाने पाणी सोडलंय. तो भाग टाकून द्या.

खरी गंमत ऊर्जेत आहे. ३० व्होल्ट दिले की दोन चार्जच्या आयनाला ६० इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात, पण एका टकरीत पेप्टाइडच्या आत जास्तीत जास्त किती उतरणार? आरगॉनशी सुमारे १.४९ इलेक्ट्रॉनव्होल्ट, नायट्रोजनशी १.०५. म्हणून गॅस बदलला की जुना आकडा चालत नाही. अशा बऱ्याच टकरींची ऊर्जा साठते, तेव्हा कुठे बंध सुटतो. एक प्रोटॉन आर्जिनिनला चिकटलेला, दुसरा कण्यावर फिरत अमाइड बंध सैल करतो, म्हणून वाय आयनांची (आर्जिनिनचं टोक असलेल्या तुकड्यांची) शिडी सलग येते: १७५.१२, २४६.१६, ३३३.१९, ४८०.२६, ६२७.३२, ६८४.३५, ८१३.३९, ९४२.४३, १०५६.४७. यातलं ४८०.२६ ते ६२७.३२ हे अंतर एका फेनिलॲलानिनचं.

व्होल्टेज जास्त झालं की वरच्या पायऱ्या खचतात आणि १२०.०८ चा इमोनियम आयन (एकट्या फेनिलॲलानिनचा तुकडा) वाढतो. नेहमीच्या व्होल्टेजला ७८५.८४ अचानक उंच उभं राहिलं, तर व्होल्टेज वाढवण्याआधी गॅसचा दाब बघा. बहुतेक वेळा सिलिंडर संपत आलेला असतो. आयन ट्रॅपमध्ये (आयन अडकवून तिथेच तोडणाऱ्या यंत्रात) साधारण २२० च्या खालचं काही दिसणार नाही. १७५.१२ गायब म्हणून मशीन उघडायला घेऊ नका, ट्रॅप तेवढे हलके तुकडे धरूनच ठेवत नाही.

उणीव मोठी आहे: यात लायसिनही नाही, प्रोलिनही नाही. प्रोलिनच्या आधीचा बंध किती सहज तुटतो, किंवा तीन चार्जच्या पेप्टाइडला किती कमी व्होल्टेज पुरतं, हे यावरून कळत नाही. पद्धतीचं कोलिजन व्होल्टेज ठरवायचं असेल तर ट्रिप्सिन या विकराने कापलेलं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घ्या आणि २ व्होल्टच्या टप्प्यांनी चढत जा.