ऑफिसातल्या कुत्र्यासाठी 36 इंची घडीचा क्रेट: कोणता घ्यावा, कुठे दगा देतो

ऑफिसात कुत्रा आणणाऱ्यानं सगळ्यात आधी क्रेट, म्हणजे कुत्र्याचा दार असलेला पिंजरा, घ्यायला हवा, पण बहुतेक जण तो शेवटी घेतात. आधी मऊ गादी येते, मग टेबलाच्या पायाला साखळी, आणि कुरियरवाल्याच्या पोटरीवर दात उमटले की मग क्रेट. इथे बोलतोय ते बाजारात सगळीकडे दिसणाऱ्या काळ्या, तारेच्या, दोन दारांच्या, खाली प्लास्टिकचा ट्रे असलेल्या घडीच्या क्रेटबद्दल. आर्किटेक्टचं ऑफिस, छोटी प्रेस, सीएचं कार्यालय, शिवणकामाचं युनिट अशा आठ-दहा माणसांच्या जागेत तो उत्तम चालतो. रस्त्यालगतच्या दुकानाच्या गल्ल्याशेजारी मात्र अजिबात नाही. तिथे येणारंजाणारं प्रत्येक गिऱ्हाईक तारेतून बोट घालतं, आणि कुत्र्याला मागे सरकायला जागा उरत नाही.

मापापासून सुरुवात. 36 इंची म्हणजे लांबी. रुंदी साधारण 23 आणि उंची 25 इंच येते. कुत्रा उभा असताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत टेप लावा आणि त्यात चार इंच मिळवा, ही झाली लांबी. मग त्याला बसवा, जमिनीपासून डोक्यापर्यंत मोजा, तीन-चार इंच मिळवा, ही उंची. कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंत मोजा. पंधरा ते वीस किलोचं गावठी कुत्रं 36 मध्ये छान मावतं. लॅब्रेडॉरला 42 लागतो. पग आणि डॅशहुंडला 30 पुरे. फसगत होते ती कारवानी-पश्मी या शिकारी कुत्र्यांच्या बाबतीत: वजन बघून दुकानदार 36 किंवा 42 काढून देतो, पण हे कुत्रं उंच आणि लांब मानेचं. बसताना मान खाली घालावी लागली की ते आत जायला नकार देतं, आणि मालक म्हणतो याला क्रेट आवडत नाही. त्याला सरळ 48 घ्यावा.

पिल्लासाठी मोठा क्रेट आणि मधलं जाळीचं पार्टिशन घ्या. पार्टिशन न लावता पिल्लाला पूर्ण 36 इंच दिले की ते एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला सू करतं. यात त्याची काही चूक नाही. निजायची जागा ओली करायची नाही हे त्याला उपजत कळतं, तुम्ही जागाच जास्त दिलीत.

आता दर्जा. चित्रात सगळे क्रेट सारखेच दिसतात आणि किंमत दुकानागणिक बदलते, म्हणून क्रेट भंगारवाल्यासारखा किलोवर जोखावा. 36 इंची चांगला क्रेट नऊ-दहा किलो भरतो. सहा-सात किलोचा असेल तर तार बारीक आहे, आणि घाबरलेलं वीस किलोचं कुत्रं ती दातांनी वाकवू शकतं. मग दोन उभ्या तारांमधलं अंतर बघा. पिल्लासाठी ते एक इंचाच्या वर नको, नाहीतर जबडा किंवा पंजा अडकतो. शेवटी आडवी आणि उभी तार जिथे जोडली आहे त्या वेल्डिंगच्या टिकल्यांवरून अंगठा फिरवा. टोचलं, तर तिथे पावडर कोटिंग, म्हणजे तारेवरचा काळा लेप, नीट बसलेलं नाही आणि पहिला गंज तिथूनच धरणार. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात हवेतली ओल आणि त्यावर लघवी असं दोन्ही मिळालं की खालच्या दोन आडव्या तारा आधी जातात. वरून ऑइलपेंट मारू नका, कुत्रं तो चाटतं आणि कुरतडतं. रोज संध्याकाळी खालच्या तारा कोरड्या फडक्यानं पुसल्या तरी आयुष्य बरंच वाढतं.

जोडणीला दोन मिनिटं लागतात, पण क्रम चुकतो. क्रेट सपाट ठेवा, कडी असलेली बाजू वर. दारवाली लांब बाजू उचलली की छत सोबत उभं राहतं. मग आत पडलेल्या दोन्ही टोकांच्या जाळ्या एकेक करून उभ्या करा आणि त्यांच्या वरच्या कोपऱ्यातले आकडे शेजारच्या आडव्या तारेत बसवा. एका टोकाला दोन, म्हणजे एकूण चार आकडे. सगळा दगाफटका इथेच होतो: एकाच बाजूचा आकडा बसतो, क्रेट उभा दिसतो, आणि कुत्रं अंग टेकतं तेव्हा जाळी आत पडते. चारही आकडे बसले का बघायला छतावर तळहातानं दाबून क्रेट तिरका हलवून पाहा. डुगडुगला तर एक सुटलेला आहे. घडी घालताना बोटं तारांच्या मधे नकोत.

दाराच्या कड्या सरकवायच्या आणि मग आकड्यामागे खाली पाडायच्या असतात. नुसती सरकवून सोडली तर धक्क्यानं मागे येते. लांब बाजूच्या दाराला वर-खाली दोन कड्या असतील असाच क्रेट घ्या. एकच कडी मधोमध असली की कुत्रं खालच्या कोपऱ्यात नाक घालून दार वाकवतं आणि त्या फटीत मान अडकवून घेतं. ज्यांच्याकडे असा क्रेट आधीच आहे त्यांनी खालच्या कोपऱ्याला ट्रेकिंगचं छोटं कॅरॅबिनर, म्हणजे स्प्रिंगनं मिटणारं कडं, लावावं.

ट्रे हा या वस्तूचा सगळ्यात लेचापेचा भाग. टोकाच्या जाळीला खाली एक फिरणारा तारेचा अडसर असतो. ट्रे आत सरकवल्यावर तो वर करायचा असतो, आणि तो आहे हेच निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. कुत्रं नखांनी उकरतं, ट्रे हळूहळू बाहेर येतो, खालच्या फटीत पंजा जातो. अडसर ढिला असेल तर दोन केबल टाय लावा, टोकं बाहेरच्या बाजूला आणि बुडापासून कापलेली. दुसरी कटकट आवाजाची. ट्रेखाली पोकळी असते, कुत्रं कूस बदललं तरी खडखड होते, आणि फोनवर असलेला शेजारचा माणूस डोळे वटारतो. जुन्या योगा मॅटचे तुकडे कापून ट्रेखाली घाला आणि क्रेटच्या चारही कोपऱ्यांखालीही ठेवा. आवाज जातो, शिवाय गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर क्रेट सरकत नाही.

ट्रे फिनाइलनं धुऊ नका. कुत्रं त्याच ट्रेवर झोपतं, मग पंजे चाटतं, आणि ते पोटात जातं. अमोनियाच्या क्लीनरचा वास कुत्र्याला लघवीसारखाच येतो, म्हणजे पुन्हा तिथेच. पाण्यात निम्मं पांढरं व्हिनेगर किंवा एन्झाइमवालं क्लीनर पुरे. ब्लीच लघवीवर थेट ओतलं तर घुसमटवणारा वायू निघतो, बंद एसीच्या खोलीत तर तो प्रयोग नकोच.

जागा ठरवताना दोन बाजूंना भिंत येईल असा कोपरा शोधा. मुख्य दारासमोर नको, प्रिंटरशेजारी नको, एसीच्या थेट झोताखाली नको. पश्चिमेची काच असेल तर दुपारी तीननंतर ऊन कुठवर येतं ते आधी बघा, कारण सकाळी थंड असलेला कोपरा तेव्हा तापतो, आणि पग किंवा शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेवढं जिवावर बेतायला पुरतं. तारेतून पंजा पोचेल तिथे एक्स्टेन्शन बोर्ड नको. तीन बाजूंनी जुनी सुती चादर टाकली की कुत्रं लवकर निवतं, पण चादर सैल सोडली तर ती आत ओढून फाडली जाते. कपड्यांच्या चिमट्यांनी बाहेरून ताणून लावा, पुढची बाजू मोकळी.

आणि गळ्यातला पट्टा आत जाण्यापूर्वी काढायचा. दर वेळी. पट्ट्याचं बक्कल किंवा परवान्याचा बिल्ला तारेत अडकतो, कुत्रं झटका देतं, आणि फास बसतो. क्रेटमधल्या अपघातांत याहून वाईट दुसरा नाही. क्रेटच्या बाहेर एक आकडा लावून पट्टा आणि दोरी तिथेच टांगावी.

सवय लावायला आठवडा धरा, आणि तो घरी घालवा, ऑफिसात नाही. पहिले दोन दिवस दार उघडं बांधून ठेवायचं, जेवण आतल्या टोकाला. मग जेवताना दार लोटायचं, जेवण संपायच्या आत उघडायचं. मग पाच मिनिटं, पंधरा, अर्धा तास, तुम्ही त्याच खोलीत. मग तुम्ही खोलीबाहेर. रडतंय म्हणून लगेच दार उघडलं की रडल्यानं दार उघडतं हे ते एका दिवसात शिकतं. क्षणभर गप्प झालं की उघडा. गुंतवून ठेवायला पोकळ रबरी खेळण्यात बिनमिठाचा दहीभात दाबून भरा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात, आणि बाजारातल्या चघळायच्या च्यूपेक्षा हे स्वस्त आणि पोटाला हलकं.

बंद दाराआड मोठ्या कुत्र्यानं दिवसा सलग तीन-चार तासांपेक्षा जास्त राहू नये. पिल्लासाठी वय जितके महिने त्यात एक मिळवा, तेवढे तास ही कमाल मर्यादा, पण मोठ्या कुत्र्याच्या तीन-चार तासांच्या वर कधीच नाही, आणि तीही ताणू नये. म्हणजे दहा ते सात या नोकरीत किमान दोनदा खाली नेऊन आणावं लागतं. तेवढा वेळ मिळत नसेल तर क्रेट कितीही चांगला असला तरी कुत्रा आणू नका. मीटिंग, जेवणाची सुट्टी, अनोळखी माणसांची वर्दळ एवढ्यापुरतं दार बंद, एरवी उघडं.

काही कुत्र्यांना क्रेट अजिबात देऊ नये. एकटं पडलं की जी लाळ गाळतात, धापा टाकतात, दार चावतात, ती आत शांत होत नाहीत, सुळा मोडून घेतात. त्यांना आठ पॅनेलचं कुंपण बरं पडतं, फक्त उंची तीन फुटांच्या खाली नको. कापडी क्रेट हलका आणि दिसायला छान, पण उकरणारं कुत्रं त्याची चेन दोन दिवसांत उसवतं. विमानप्रवासाचा प्लास्टिकचा केनेल मजबूत असतो, पण घडी होत नाही आणि आपल्या हवेत आत कोंदतं. लोखंडी चौकटीची उंच कापडी खाट सवय लागलेल्या कुत्र्यासाठी उत्तम, पण सफाईवाल्या मावशी कुत्र्याला घाबरत असतील तर खाटेनं त्यांचा प्रश्न सुटत नाही. क्रेटनं सुटतो.

नऊ-दहा किलोचा पत्रावळीसारखा सपाट झालेला क्रेट रिक्षात बसतो, स्कूटरवर नाही. रोज ने-आण करायच्या भानगडीत पडू नका. घरी सवय लागली की तो ऑफिसात कायमचा, आणि घरी व ऑफिसात तीच एक चटई फिरवत राहायची, वास तोच राहिला पाहिजे. रेबीजची वार्षिक लस, पावसाळ्याआधी लेप्टोस्पायरोसिसची, आणि महापालिकेचा परवाना, यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून क्रेटलाच बांधून ठेवा. इमारतीच्या कमिटीचा माणूस आला की शोधाशोध नको.

घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: सुटा ट्रे मिळतो का? तारेचा सांगाडा पाच-सात वर्षं जातो, ट्रेचे कोपरे त्याच्या कितीतरी आधी तडकतात, आणि फरशीवर लघवी झिरपायला लागते. नाही म्हणाला तर घाई करू नका, ज्याचा ट्रे मिळतो तोच मेक घ्या.